गाइड डॉगला सिग्नल कळत नाही

अंधांचा कुत्रा सिग्नलचा लाल-हिरवा रंग बघून मालकाला रस्ता पार करवतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतंय. तसं नाही. कुत्र्याला निळा-पिवळा ओळखता येतो. लाल-हिरव्यात गल्लत होते. कधी निघायचं ते माणूसच वाहनांच्या आवाजावरून ठरवतो. पण तेवढ्यात गाडी आली, तर ‘चल’ म्हटलं तरी कुत्रा जागचा हलत नाही. हुकूम मोडायचंही शिक्षण असतं त्याला!

अमेरिकेत काही विद्यार्थी पुढं गाइड डॉग होणारी पिल्लं सांभाळतात, विद्यापीठात तासाला नेतात. पिल्लानं तिथं शिकायचं एवढंच: बाकाखाली गप पडून राहायचं, सांडलेल्या बिस्किटाला तोंड लावायचं नाही.

संभाजीनगरच्या क्रांती चौकात मात्र अशा कुत्र्याला सिग्नल तोडणारे दुचाकीवाले आणि अंगावर धावून येणारी मोकाट कुत्री, दोन्ही सांभाळावं लागेल.