भोंगा नसलेलं काम

घरून काम करताना मन का थकतं, या प्रश्नाची पार्श्वभूमी सांगताना बहुतेक जण मार्च २०२० पासून सुरुवात करतात. मुंबईपुरतं बोलायचं तर ही सुरुवात मला फार उशिराची वाटते.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढे गिरणगाव उभं राहिलं. तिथला दिवस भोंग्यावर चालायचा. काम जीव काढणारं होतं, पण ते फाटकाच्या आत राहायचं, चाळीतल्या खोलीत साचा, म्हणजे माग, यायचा नाही. आठवड्याची सुटी मात्र भांडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुटी सुरू झाली. रविवारी दुपारी ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणत ऑफिसचा फोन येतो, तेव्हा मला लोखंडे आठवतात.

घरात बसून केलेल्या कामाला भोंगा कधीच नव्हता आणि ते काम बहुतेक बायकांचं होतं. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. मग कितीतरी घरांची चूल बायकांच्या शिवणावर आणि डब्यांवर पेटू लागली.

आमच्या लालबागच्या खोलीत आई साड्यांना फॉल-बीडिंग करायची. लग्नसराईत रात्री एक-एक वाजेपर्यंत. आम्ही भावंडं मशीनच्या पायाशीच झोपायचो आणि ती खडखड थांबली की मला जाग यायची. ‘डोकं चढलंय’ एवढंच म्हणायची, कपाळाला बाम चोळायची आणि पुन्हा बसायची. मनाचं काय, हे तिला कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही. घरी बसून मजुरी करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला, पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाली. सर्वसामान्यांसाठी ती पुन्हा उघडली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत. गर्दीतून सुटका झाली याचा आनंद आठवडाभर टिकला. मग कळलं की ठरलेली गाडी, ठरलेला डबा, त्यातलं भजन, हेही गेलं. साहेबावरचा राग दादर ते ठाणे बोलून संपायचा, तो आता जेवणाच्या ताटावर येऊ लागला.

माझा लॅपटॉप आईच्या मिटलेल्या शिलाई मशीनवर आला. गुडघे पायट्याला आपटायचे. मागे कुकर, शेजारी मुलीची ऑनलाइन शाळा. ‘कामासाठी वेगळी खोली ठेवा’ हा सल्ला अशा घरात कुणाला द्यायचा? आमच्या मजल्यावरचे लोक मीटिंगसाठी जिन्यात बसायचे, गच्चीवर टाकीच्या आडोशाला जायचे. एकटेपणापेक्षा घडीभराचा एकांत न मिळणं, हे इथलं मोठं दुखणं होतं. शेवटी आईनेच उपाय काढला. दिवेलागणीला ती लॅपटॉपवर मशीनचं जुनं कव्हर घालायची आणि म्हणायची, ‘आता ऊठ.’

कायद्याने असं कव्हर अजून घातलेलं नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. तेव्हापासून मला तास मोजायची सवय लागली.

एक सोय मात्र झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा सुरू केली. १४४१६ वर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर मी मशीनच्या खणात, आईच्या बॉबिनच्या डबीवर चिकटवून ठेवला आहे.