लिक्विड क्रिस्टल की ल्युको रंग? उष्णतेने रंग बदलणाऱ्या दागिन्यांचे दोन प्रकार

तापमानानुसार रंग बदलणाऱ्या अंगठ्या आणि पेंडंट वरवर एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात काहींच्या पोटात लिक्विड क्रिस्टल असतं, तर काहींच्या पोटात ल्युको रंग. दोन्हींना ‘थर्मोक्रोमिक’, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारे, म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण दागिना बनवायचा किंवा बिघडलेला तपासायचा असेल, तर आपल्या हातात नेमकं काय आहे हे आधी कळायला हवं.

ओळखणं सोपं आहे. दागिना गार करा आणि बोटांत धरून हळूहळू तापू द्या. काळ्यातून लालसर तपकिरी, मग हिरवा, मग निळा असा क्रम दिसला तर ते लिक्विड क्रिस्टल. एकच रंग फिका होत गेला आणि खालचा पांढरा किंवा दुसरा रंग उघडा पडला तर ल्युको. खात्री करायची असेल तर दागिना तिरका करून बघा. लिक्विड क्रिस्टलचा रंग निळ्याकडे सरकतो, ल्युकोचा जागचा हलत नाही. सिनेमागृहातला वर्तुळाकार ध्रुवणाचा थ्रीडी चष्मा हाताशी असेल तर आणखी छान: लिक्विड क्रिस्टल एका काचेतून ठळक दिसतं आणि दुसरीतून जवळजवळ काळं.

याचं कारण असं की लिक्विड क्रिस्टलमध्ये रंगद्रव्य नसतंच. लांबट रेणूंचे थर एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. एक पूर्ण वळण व्हायला जेवढी उंची लागते, तिला माध्यमाच्या अपवर्तनांकाने, म्हणजे साधारण १.५ ने गुणलं की परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिळते. वळण सुमारे ४३० नॅनोमीटरचं असेल तर लाल दिसतो, ३०० च्या आसपास आलं की निळा. तापमान वाढलं की वळण घट्ट होतं, म्हणून क्रम नेहमी लालाकडून निळ्याकडे. त्याही पुढे तापवलं तर रचनाच मोडते, द्रव पारदर्शक होतो आणि मागचा काळा थर दिसू लागतो. हा काळा थर अत्यावश्यक आहे. जो प्रकाश परावर्तित होत नाही तो त्याने शोषला नाही, तर रंग फिके पडतात. हे पदार्थ नवे नाहीत. १८८८ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ आणि १७८.५ अंशांना स्वच्छ होताना दिसलं. लिक्विड क्रिस्टलचा शोध तिथूनच धरतात. मूड रिंग, म्हणजे रंग बदलून मनःस्थिती दाखवते असं सांगितली जाणारी लिक्विड क्रिस्टलची अंगठी, मात्र १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाजारात आली.

ल्युकोची गोष्ट सरळ रसायनाची आहे. काही मायक्रॉनच्या कॅप्सूलमध्ये तिघे एकत्र असतात: क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोनसारखा रंगकारक, एक सौम्य आम्ल आणि मेणासारखा द्रावक. द्रावक घट्ट असताना आम्ल रंगकारकाला चिकटून असतं, रेणूतलं लॅक्टोन नावाचं अणूंचं कडं उघडं राहतं आणि निळा रंग दिसतो. द्रावक वितळला की आम्ल त्यात विरघळून दूर जातं, कडं मिटतं, रंग जातो. त्यामुळे रंग कधी जाणार हे मुख्यतः द्रावक ठरवतो. डोडेकॅनॉल सुमारे २४ अंशांना वितळतं, टेट्राडेकॅनॉल ३८ ला. शिवाय रंग जातो त्या तापमानाला तो परत येत नाही, काही अंश खाली उतरावं लागतं. हे अंतर मुद्दाम वाढवताही येतं: पायलट कंपनीच्या ‘फ्रिक्शन’ या घासून पुसता येणाऱ्या पेनांची शाई सुमारे ६० अंशांना पुसली जाते आणि उणे १० च्या खाली परत उमटू लागते.

आता बनवण्याकडे. लिक्विड क्रिस्टलचा तयार पत्रा (पातळ शीट) घेताना त्यावरचा सांकेतिक क्रमांक वाचा. ‘आर२५सी५डब्ल्यू’ म्हणजे लाल २५ अंशांना सुरू, निळा त्यापुढे ५ अंशांवर. अंगठीसाठी हा पट्टा बोटाच्या नेहमीच्या तापमानाभोवती हवा. पत्रा कापला की कडा उघड्या पडतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं. मूड रिंग कायमची काळी पडण्याचं हे सर्वांत मोठं कारण. कडेला सगळीकडून इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) फिरवा. ॲसिटोन किंवा अल्कोहोल असलेला गोंद नको, ते लिक्विड क्रिस्टलच्या सूक्ष्म कॅप्सूलमध्ये झिरपून आतली रचना बिघडवतात. पत्रा आणि त्यावर बसवलेल्या काचेच्या मण्यामध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग करडा दिसतो.

ल्युकोची पूड इपॉक्सीत वजनाच्या सुमारे ५ टक्के घाला: २० ग्रॅम रेझिन-हार्डनरच्या मिश्रणाला १ ग्रॅम. पूड खलबत्त्यात घोटू नका, कॅप्सूल फुटतात आणि रंग बदलेनासा होतो. गुठळ्या काडीने मोडा आणि नाकावर मास्क ठेवा. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, त्यामुळे रंग गायब होतो. पूड कमी पडली असं समजून आणखी घालण्याची चूक इथेच होते. थांबा, गार झाल्यावर रंग येतो. पुडीचं तापमान निवडतानाही विचार करा. ३१ अंशांची पूड तेवढ्याच तापलेल्या खोलीत दिवसभर रंगहीनच राहील.

दोन्हींचा शत्रू अतिनील किरण. ल्युको तर उन्हात विशेष लवकर मरतो. तो फिका होत गेला तर दागिना गार करून बघा. गारठूनही रंग भरून येत नसेल तर रंगकारकच संपला आहे.

आणि मनःस्थिती? ताणात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं थोडी गार पडतात, हे खरं. पण अंगठीला फक्त तापमान कळतं, त्यामागचं कारण नाही. गार पाण्यात हात धुतल्यावरही ती तोच काळा रंग दाखवेल. शिवाय तो काळा गारव्याचा आहे, अतिउष्णतेचा आहे की अंगठी मेल्याचा, हे नुसतं बघून कळत नाही. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून टेकवून मग हळूहळू उबेला न्या. मधे कुठेही हिरवा चमकला नाही, तर आतला पत्रा बदलावा लागेल.