अंबाबाईची किरणं आणि गच्चीवरची टाकी

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या पेठांत पत्ता विचारला की दिशा कमी आणि दरवाजे जास्त ऐकू येतात. "घाटी दरवाज्यातनं बाहेर पडा." "महाद्वारातनं सरळ जावा की." खरं तर या दाटीत शिखरं फारशी दिसतच नाहीत, तरी वाट चुकत नाही. कारण मेंदूच्या हिप्पोकॅम्पस भागात ठरावीक जागी पोचल्यावरच चेतणाऱ्या पेशी असतात. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना त्या १९७१ मध्ये उंदरांत सापडल्या आणि २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा राहिला. उंदराच्या पिंजऱ्यातली ठळक खूण फिरवली, की या पेशींचा नकाशाही तिच्यामागे फिरतो. कोल्हापूरकरांची खूण, म्हणजे हे देऊळ, मात्र शतकानुशतकं जागची हललेली नाही. उलट ती थेट सूर्याला बांधलेली आहे.

देऊळ पश्चिमाभिमुख. मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव. त्याच्या परंपरेनं मानलेल्या तारखा ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोनदाच का? २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेचं टोक गाठून परत फिरतो. १० नोव्हेंबर त्याच्या ४२ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी ४१ दिवस नंतर. म्हणून दोन्ही वेळी तो जवळपास एकाच ठिकाणी मावळतो, कोल्हापूरच्या अक्षांशावर पश्चिमेच्या साधारण १८ अंश दक्षिणेला. मावळतीचा बिंदू रोज पाव अंशाहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे सूर्यबिंबाच्या निम्म्याहून किंचित अधिक. म्हणूनच हा खेळ मोजक्या दिवसांत आटोपतो.

मावळतीचा प्रकाश महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात येतो. सूर्य जसजसा खाली जातो, तसतसे किरण आडवे होत जातात आणि उजेड जमिनीवरून वर चढतो. आधी पाय, मग कंबर, मग मुख. "गुडघ्यापर्यंत आली," अशी कुजबुज गर्दीत पुढून मागे सरकते. पण ढग, धूळ, हवेतली आर्द्रता यांतलं काहीही आडवं आलं की किरणं वाटेतच विरतात.

हवा स्वच्छ असूनही हुकतं, ते शहरामुळे. सूर्य क्षितिजावर २ अंशांवर असताना १०० मीटरवरची, नजरेच्या पातळीपेक्षा साडेतीन मीटर उंच असलेली कुठलीही वस्तू त्याला झाकते. आणि मुखावर येणारी किरणं तर शेवटची, म्हणजे सर्वांत आडवी. त्यामुळे महाद्वारापलीकडचा वाढीव मजला, फलक किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी थेट मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंतचा प्रकाश अडवू शकते.

किरणमार्गातल्या अडथळ्यांची तक्रार इथं जुनीच आहे. मला त्यात भक्तीइतकंच नगररचनेचं शहाणपण दिसतं. जुन्या गावठाणात इमारतींची उंची कुणी मनावर घेत नाही, इथं मात्र वर्षातून दोनदा सूर्यच तिचं मोजमाप करतो आणि निकाल गर्दीसमोर लागतो. फक्त या तपासणीला कागदी बळ हवं. किरणांची वाट नकाशावर आखून तिच्याखालच्या प्रत्येक प्लॉटवर उंचीची मर्यादा लिहिता येते. गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचंच आहे.