पार्श्वभूमी : उसाच्या सरीतली घोळ

घोळ ही रानभाजी कशी दिसते हे कोल्हापूर भागात कुणाला सांगायला नको. गोंधळ आहे तो नावांचा. मोठ्या, मांसल पानांची ती घोळ आणि जमिनीला चिकटून पसरणारी बारीक पानांची ती चिघळ. कुळ एकच, जाती वेगळ्या. 16व्या शतकातल्या भावप्रकाश निघंटू या आयुर्वेदिक ग्रंथात या दोघींना लोणी आणि बृहल्लोणी अशी दोन वेगळी नावं आहेत, तरी आजही एकीचे गुण सर्रास दुसरीला चिकटवले जातात.

त्याहून अवघड गुंता 'तण' या शब्दाचा. 1753 साली घोळीला शास्त्रीय नाव देताना जे विशेषण लावलं गेलं, त्याचा लॅटिन अर्थ 'भाजीपाल्याची' असाच होतो. 1977 मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी निघाली, तिच्यातही घोळ आहे. म्हणजे तण हा काही रोपाचा गुण नव्हे. ते नको त्या जागी उगवलं, एवढंच त्या शब्दातून कळतं.

भांगलण, म्हणजे तण काढणं, हातानं व्हायची तेव्हा हा निवाडा सरीतच व्हायचा. बायका खुरप्यानं हरळी, लव्हाळा बांधावर टाकायच्या आणि घोळ ओच्यात घ्यायच्या. रात्री लसणाच्या फोडणीवर तिची भाजी, वर भुरभुरलेलं डाळीचं पीठ आणि ज्वारीची भाकरी. पहाटे खुडलेली घोळ दुपारच्यापेक्षा आंबट लागते. पाण्याचा ताण पडला की ती रात्री हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा तो वापरते.

पुढं धरणांचं पाणी आलं, नदीकाठानं पाणी उपसायच्या मोटारी बसल्या, ऊस वाढला. मजुरी चढली, भांगलणीला माणूस मिळेना. शेतकऱ्यानं टू-फोर-डीसारखं तणनाशक जवळ केलं, यात त्याचा दोष नाही. हे औषध रुंद पानांच्या वनस्पती मारतं आणि गवताला सहसा सोडतं. ऊस गवताच्याच कुळातला. पण त्यामुळं घोळ, पाथरी, तांदुळजा आधी जातात आणि चिवट हरळी, लव्हाळा मागं राहतात. भाजी गेली, तण राहिलं. हे नुकसान उसाच्या हिशेबात कुठंच धरलं जात नाही, आणि ते धरायला हवं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात अतिपाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या. घोळ खारटपणा सोसते, थोडं मीठ अंगात ओढूनही घेते, माती झाकून ओल धरते. तिचा उपद्रवही खरा आहे: उपटून ओल्या रानात टाकलेला तुकडा पुन्हा मुळं धरतो, बी वर्षानुवर्षं मातीत जिवंत राहतं. पानांत ऑक्झलेट असल्यानं मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेतानंच खावी.

आता पावसाळ्यात रानभाज्यांचे महोत्सव भरतात, घोळीच्या जुड्या कौतुकानं विकल्या जातात. घेताना ती कुठल्या रानातली हे विचारावं. फवारलेल्या उसाच्या बांधावरची असेल, तर घेऊ नये.