फवारणीआधी पान उलटून बघा

दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की आमच्या रोपवाटिकेत ग्राहकांकडून पानांचे फोटो यायला लागतात. बहुतेक फोटो पानाच्या वरच्या बाजूचे असतात, आणि कीड बसलेली असते खाली. म्हणून औषध मागण्याआधी पान उलटून उजेडात धरा.

गुलाबाच्या कोवळ्या पानांवर, कळीच्या देठावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय आणि बोटाने पुसलं की निघतंय? ती भुरी. या बुरशीला पाऊस लागत नाही. कोरडे दिवस आणि गार रात्री तिला पुरतात. वाटाणा, काकडी, दुधीवरही ती येते. लागलेली पानं काढा, दाटी विरळ करा. तरी पसरली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. वेलवर्गीय भाज्यांची पानं गंधकाने भाजू शकतात, तेव्हा आधी एकाच पानावर करून बघा. निंबोळी तेल मारलं असेल, तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

जास्वंद, शेवंती, मुळ्यावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, की शेंडा तपासा. तिथे मावा असतो. तो रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. मुंग्या त्यासाठीच येतात. त्या चिकट्यावर वाढणारी काळी काजळी वेगळा रोग नव्हे, मावा गेला की तीही थांबते. पानांवर पडलेली माव्याची पांढरी कात पाहून अनेकजण भुरीचं औषध मारतात. ते वाया जातं. दोन-तीन दिवस सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने शेंडे धुवा. मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रवसाबण.

शेंड्यावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी दिसणारी लहान अळी फिरत असेल, तर कृपा करून मारू नका. ते लेडीबर्डचं पिल्लू आहे, मावा खाऊनच वाढतं. ती दिसली तर फवारणी थांबवा.

पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढा.

फेब्रुवारीत ऊन तापलं की लाल कोळी येतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालायला लागले, तर तोच.

खालची पानं पिवळी पडली आणि कीड सापडली नाही, तर माती दोन बोटं खोल चाचपा. ओली लागली तर पाणी कमी करा. थंडीत कुंडी उशिरा सुकते.

ओळख पटली नाही, तर शेंडा बंद पिशवीत घालून आणा. आपण भिंगाखाली बघू. त्याचे पैसे घेत नाही.