अंतर तेवढंच, मग जाताना आठ तास आणि येताना सात कसे?

दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं की दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात: इतके किलोमीटर, इतके तास. पुष्कळदा दुसरा आकडा पहिल्याला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी नऊशे किलोमीटरने, भागून काढलेला असतो. घोळ तिथेच होतो.

लंडनचं हीथ्रो आणि न्यूयॉर्कचं जेएफके घ्या. अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला तर तो जेवढा भरेल, तेवढं हे माप. भिंतीवरच्या सपाट नकाशात हाच दोरा उत्तरेकडे कमान घेतलेला दिसतो, पण सर्वांत जवळचा रस्ता तोच. भागाकार केला तर सहा तास नऊ मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र न्यूयॉर्कला जायला साधारण आठ तास, परतायला सात.

कारण ताशी नऊशे हा वेग भोवतालच्या हवेच्या मानाने असतो, जमिनीच्या नव्हे. आणि तिथे वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहत असतो. समजा वारा ताशी १५० चा आहे. समोरून आला तर ७ तास २३ मिनिटं, पाठीमागून आला तर ५ तास १७. जाताना गेलं ते येताना मिळालं, असं वाटेल. पण बेरीज करून बघा. १२ तास ४० मिनिटं होते, वारा नसता तर १२ तास १९ मिनिटांत भागलं असतं. उलटा वारा जास्त वेळ सोसावा लागतो ना! फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. अंतर तसूभरही कमी झालं नव्हतं.

शिवाय विमान त्या दोऱ्यावरूनच उडतं असंही नाही. समोरचा वारा चुकवायला वळसा परवडतो, आणि कधी आकाशच बंद असतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला.

तिकिटावरच्या वेळांची तऱ्हा आणखी वेगळी. सुटण्याची वेळ सकाळी ११, पोचण्याची दुपारी २ दिसली म्हणून लंडन ते न्यूयॉर्क तीन तास होत नाही. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळातल्या, मध्ये पाच तासांचा फरक. आणि वेळापत्रकातला प्रवासाचा वेळ मोजतात गेटवरून विमान हलल्यापासून ते पलीकडे गेटला लागेपर्यंत. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावरची फरफट, सगळं त्यात आलं. म्हणून भागाकार सगळ्यांत जास्त फसतो तो जवळच्या प्रवासात: ४०० किलोमीटरला हिशेबाने २७ मिनिटं, वेळापत्रकात तास-सव्वा तास.