कुस्तीसाठी उपाशी राहावं लागतं?

अमेरिकेत हायस्कूलचा कुस्ती संघ उभा करताना पालक हमखास बिचकतात: ‘वजनगटात बसवायला पोरांना उपाशी ठेवतात.’ भीती उगाच नव्हती. १९९७ साली झटपट वजन उतरवताना तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले. पण त्यानंतर नियम बदलले. आता हंगामाआधी लघवीची तपासणी होते. लघवीचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत ती किती दाट) १.०२५ च्या वर, म्हणजे अंगात पाणी कमी, तर त्या दिवशी पुढचं मोजमापच नाही. मग चरबी मोजून किमान वजन ठरतं. मुलांना ७ आणि मुलींना १२ टक्के चरबीच्या खाली उतरता येत नाही. आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त वजनघट चालत नाही. प्रशिक्षकांनो, संघासाठी देणग्या मागण्याआधी पालकसभेत हे आकडे मांडाच!